किडनी दुबळी असताना रक्त पातळ करणारी गोळी कशी घ्यावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधाचे दुकान आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडणारे आणि त्याच वेळी किडनीचे काम मंदावलेले रुग्ण अलीकडे दर आठवड्याला काउंटरवर येतात. त्यांतल्या एका मावशींनी मागच्या उन्हाळ्यात विचारले होते, "भाऊ, हे गोयी रगत पातय करते म्हन्तेत. आंगात रगत आंधीच कमी हाय, मंग अजून पातय कायले करू?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण किडनीच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन बहुधा कमीच असते. मात्र "रक्त पातळ करणे" हा शब्दप्रयोग फसवा आहे. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखे होत नाही आणि अंगातले रक्त कमीही होत नाही. रक्त गोठण्याची क्रिया तेवढी मंदावते.

ती मंदावण्याची गरज का पडते, हे समजले की गोळी मध्येच सोडून देण्याचा मोह कमी होतो. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी असते. तिच्यात रक्त साचून राहते, गुठळी बनते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की लकवा होतो. हा विकार असणाऱ्याला लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. किडनी बिघडलेली असली तर प्रकरण दुहेरी होते, कारण अशा माणसाच्या अंगात गुठळी होण्याची प्रवृत्तीही वाढते आणि रक्तस्राव होण्याचीही. म्हणून "किडनी खराब आहे, गोळी नको" हे जितके चूक, तितकेच "दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेली गोळी आहे, तीच चालू द्या" हेही चूक आहे.

आधी झडप, मग गोळी

गोळी निवडण्याआधी डॉक्टर हृदयाची इको तपासणी करून झडपा पाहतात. ही पायरी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे, कारण लहानपणी सांधेतापामुळे म्हणजे ऱ्हुमॅटिक तापामुळे मायट्रल झडप आकसलेले रुग्ण खेड्यांमध्ये अजूनही बरेच सापडतात. झडप मध्यम किंवा तीव्र आकसलेली असेल, अथवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर वॉरफरिन किंवा त्याच्या जातीचे असिनोकुमॅरॉल हेच औषध चालते. तिथे डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, एडोक्साबान या नव्या गोळ्या देत नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या चाचणीत ऱ्हुमॅटिक झडपविकार असलेल्या रुग्णांना एकीकडे रिव्हारोक्साबान आणि दुसरीकडे जुन्या जातीचे औषध दिले होते, आणि जुन्या औषधावरचे रुग्ण अधिक चांगले राहिले. शेजाऱ्याची महागडी नवी गोळी पाहून आपलीही बदलून मागू नये, ते यासाठी.

झडप ठीक असेल तर वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे दुबळेपण, पूर्वी होऊन गेलेला लकवा आणि रक्तवाहिन्यांचा विकार यांचे गुण मोजून लकव्याचा धोका ठरवतात. पंचाहत्तरी ओलांडल्यास दोन गुण, पूर्वी लकवा झाला असल्यास दोन गुण, बाकीच्यांना एकेक. पासष्ट ते चौऱ्याहत्तर वयालाही एक गुण मिळतो. किडनीच्या रुग्णाला बहुधा रक्तदाब किंवा मधुमेह असतोच, त्यामुळे गोळी लागण्याइतके गुण सहज भरतात. इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. "मी रोज ॲस्पिरिन घेतो, तेच रक्त पातळ करते" असे पुष्कळ जण सांगतात, पण या विकारातल्या गुठळीपासून ॲस्पिरिन पुरेसे संरक्षण देत नाही. रक्तस्रावाची जोखीम मात्र असतेच. दोन्ही औषधे एकत्र घ्यायची ती फक्त हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितली तर, उदाहरणार्थ नुकताच स्टेंट बसवला असेल तेव्हा.

क्रिएटिनिनचा एक आकडा पुरेसा का नसतो

वर ज्या मावशींचा उल्लेख केला, त्यांचे उदाहरण इथे सविस्तर देतो, कारण सगळी गुंतागुंत त्यात दिसते. सत्तराव्या वर्षी त्यांना नागपूरहून डाबिगाट्रान लिहून दिले होते. तेव्हा त्यांचे वजन ५० किलो आणि क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला तो कचरा जो किडनी दुबळी झाली की वाढतो, ०.९ होते. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी चिठ्ठी तीच ठेवली, कॅप्सूल तीच ठेवली आणि रक्त मात्र एकदाही तपासले नाही. गुडघे दुखतात म्हणून मधून मधून डायक्लोफिनॅकची गोळीही चालू होती. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा त्या दुकानात आल्या. तपासणी करून घ्यायला सांगितले. वजन ४६ किलो भरले आणि क्रिएटिनिन १.४ निघाले. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे वजन न धरता काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज, ४० छापलेला होता. तो आकडा पाहून घरच्यांना वाटले, फारसे काही बिघडलेले नाही.

या गोळ्यांची मात्रा मात्र मोठ्या चाचण्यांमध्ये क्रिएटिनिन क्लिअरन्स या आकड्यावरून ठरवलेली आहे. हाही किडनी रक्त किती वेगाने साफ करते याचाच अंदाज, पण त्यात वजन धरले जाते. गणित साधे आहे. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्या आकड्याला वजनाने गुणावे, मग क्रिएटिनिनला ७२ ने गुणून आलेल्या संख्येने त्याला भागावे, आणि रुग्ण स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणावे. मावशींचे दोन वर्षांपूर्वीचे उत्तर सुमारे ४६ येते. आताचे येते २६. डाबिगाट्रान जवळजवळ ऐंशी टक्के किडनीवाटे बाहेर पडते, त्यामुळे क्लिअरन्स ३० च्या खाली गेला की ते टाळावे लागते. त्यांच्या अंगात ते साचत होते. ईजीएफआर ४० पाहून हे कळले नसते. आपल्याकडे शेतात राबणारी, चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाची म्हातारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत ईजीएफआर आणि क्लिअरन्स यांत असा फरक पडतो, म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्याच आठवड्यातले वजन सोबत न्यावे. अंदाजाने सांगू नये. रेशन दुकानाचा काटाही चालेल.

हे गणित घरी करून गोळी स्वतः बदलायची नाही. प्रश्न नेमका विचारता यावा, एवढ्यासाठीच ते यायला हवे.

कोणती गोळी किडनीवर किती अवलंबून

नव्या गोळ्यांपैकी एडोक्साबान साधारण निम्मे, रिव्हारोक्साबान सुमारे एक तृतीयांश आणि अपिक्साबान सुमारे सत्तावीस टक्के किडनीवाटे जाते. त्यामुळे किडनी दुबळी असताना डॉक्टरांचा कल बहुधा अपिक्साबानकडे असतो. त्याची नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागू असतील तर ती २.५ मिलिग्रॅम दोनदा अशी कमी करतात. मावशींना यांतली एकच गोष्ट लागू होती. परंतु क्लिअरन्स १५ ते २९ च्या पट्ट्यात असल्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी तो विचारात घेऊन अपिक्साबानची कमी मात्रा दिली. रिव्हारोक्साबान २० मिलिग्रॅम एकदाच घेतात आणि क्लिअरन्स ५० किंवा त्याहून कमी असेल तर १५ मिलिग्रॅम. एडोक्साबानही अशा वेळी ६० ऐवजी ३० मिलिग्रॅम होते. क्लिअरन्स १५ च्या खाली गेल्यावर कोणतीही निवड तज्ज्ञांचीच असावी.

मात्रा कमी करण्याची ही मुभा भीतीपोटी वापरण्यासाठी नाही. "म्हातारी आहे, अर्धी गोळी पुरे" असे घरच्यांनी ठरवले, तर रक्तस्राव टळेल याची हमी मिळत नाही आणि लकव्यापासूनचे संरक्षण मात्र निश्चितच उणे होते.

वॉरफरिन आणि असिनोकुमॅरॉल किडनीवाटे फारसे जात नाहीत, तरीही किडनीच्या रुग्णांत त्यांचा परिणाम स्थिर ठेवणे अवघड जाते. रक्त गोठणे किती मंदावले हे दाखवणारा आयएनआर हा तपासणीचा आकडा बहुतेकांसाठी २ ते ३ च्या दरम्यान हवा. तो फार वाढला तर रक्तस्राव होतोच, शिवाय किडनीलाही इजा होऊ शकते. सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने आणि स्थिरावल्यावर साधारण महिन्याला एकदा तपासणी करावी लागते. एसटीने तालुक्याला जाणे, नमुना देणे, संध्याकाळपर्यंत रिपोर्टची वाट पाहणे, यात एक मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक सवय सुचवतो. गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्यावी. सकाळी नमुना दिला आणि दुपारी रिपोर्ट आला की मात्रेतला बदल त्याच दिवशी लागू करता येतो. "एक दिवस २, एक दिवस ३ मिलिग्रॅम" अशी चिठ्ठी असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात आकडा लिहावा आणि गोळी घेतल्यावर त्यावर फुली मारावी.

पालेभाज्यांबद्दल फार भीती घातली जाते. पालक, मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला यांत व्हिटॅमिन के असते आणि ते या जुन्या जातीच्या गोळ्यांचा परिणाम कमी करते. भाज्या सोडायच्या नाहीत, त्यांचे प्रमाण सारखे ठेवायचे. आपल्याकडे अडचण येते ती पहिल्या पावसानंतर. बांधावर तरोटा उगवतो, घरोघरी तीच भाजी रोज होते, आणि उन्हाळाभर जेमतेम पालेभाजी खाल्लेल्या माणसाचा आयएनआर एकदम खाली येतो. त्या दिवसांत एक तपासणी जास्त करावी. नव्या गोळ्यांना भाज्यांचे हे पथ्य नाही. किडनीमुळे पोटॅशियमचे पथ्य सांगितले असेल तर ते वेगळे, आणि ते पाळायचेच आहे.

घरातली शिस्त

रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरपेट जेवणासोबत घ्यावी, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. अपिक्साबान जेवणाआधी किंवा नंतर केव्हाही चालते. डाबिगाट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात घालू नये आणि मूळ वेष्टनातून काढून दुसऱ्या डबीत ठेवू नये, कारण ओल लागून ती खराब होते. गोळी चुकली तर दिवसातून दोनदाच्या गोळीला साधारण सहा तासांपर्यंत आणि एकदाच्या गोळीला बारा तासांपर्यंत आठवताच घेता येते. त्याहून उशीर झाला तर ती वेळ सोडून द्यावी. पुढच्या वेळी दोन गोळ्या कधीही घेऊ नयेत.

या नव्या गोळ्यांचा परिणाम एक-दोन दिवसांत उतरतो, त्यामुळे स्ट्रिप संपणे ही साधी गोष्ट नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस गावाबाहेर पडता येत नाही. पोळ्याच्या सणात दुकाने बंद असतात. किमान पंधरा दिवसांची गोळी घरात शिल्लक असतानाच नवी आणावी. खर्चाचा भार असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि जेनेरिक दुकानात भाव विचारावा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आणि डायलिसिससाठी उपयोगी पडते, रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यावर विसंबून धरू नये.

जेनेरिक घेताना मात्र एक सांभाळावे लागते. एका काकाजींच्या पिशवीत मला एकाच औषधाच्या दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपा सापडल्या होत्या. एक नागपूरच्या चिठ्ठीवरची, दुसरी गावात बदलून दिलेली. दोन वेगळी औषधे समजून ते दोन्ही घेत होते. स्ट्रिपवरचे मोठे नाव कंपनीचे असते. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेले औषधाचे नाव महत्त्वाचे. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला त्यावर मराठीत पेनाने लिहून द्यायला सांगावे. कोणताही दुकानदार हे करील.

दुखणे, सुई आणि साप

अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफिनॅक ही औषधे किडनीही बिघडवतात आणि पोटातला रक्तस्रावही वाढवतात. या रुग्णांनी ती घेऊच नयेत. ठरवून दिलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल चालते. "लवकर आराम पडावा" म्हणून कमरेत सुई मारून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसाच्या स्नायूत सुई मारली तर आत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते, म्हणून सुई देणाऱ्याला आधी सांगावे. बाजारातून पुडीत येणारी बेनामी चूर्णे आणि भस्मेही टाळावीत, कारण त्यांत काय मिसळले आहे हे किडनीलाच सोसावे लागते.

काही औषधांची युती त्रासदायक ठरते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन या गोळ्यांचा असर कमी करतात. नायट्यासाठी मिळणाऱ्या इट्राकोनाझोलसारख्या गोळ्या तो वाढवतात. नायट्याच्या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज मागितल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगतो.

शेतात साप चावला तर सरकारी दवाखान्यात पोहोचताच "मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो" हे सर्वांत आधी सांगावे. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते. डॉक्टर रक्त गोठते की नाही हे पाहून उपचार ठरवतात, आणि त्यांना तुमच्या गोळीची कल्पना नसेल तर तपासणीचा अर्थ लावणे अवघड होते.

उन्हाळा

विदर्भाचा मे महिना या रुग्णांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, माणूस घामाने सुकतो, किडनीकडे जाणारे रक्त कमी होते आणि चार दिवसांत क्रिएटिनिन वर चढते. गोळी तीच राहते, पण ती बाहेर टाकणारी किडनी मंदावते. जुलाब-उलट्या झाल्या तरी हेच घडते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा, क्रिएटिनिन तपासावे, आणि लघवीची गोळी किंवा रक्तदाबाची काही औषधे थोडे दिवस थांबवायची का, हे विचारून घ्यावे. "खूप पाणी प्या" हा सल्ला सरसकट लागू नाही. ज्यांना हृदयामुळे किंवा किडनीमुळे पाणी मोजून दिले आहे त्यांनी उन्हाळ्यातले वाढीव प्रमाण आधीच विचारून ठेवावे. तपासणी किती दिवसांनी करावी याचा एक सोयीचा ठोकताळा आहे: क्लिअरन्सच्या आकड्याला दहाने भागले की येतील तितक्या महिन्यांनी. मावशींचा २६ आहे, म्हणजे दर अडीच महिन्यांनी. त्यांतली एक तपासणी त्या आता मे महिन्यातच करून घेतात.

केव्हा थांबायचे नाही

डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, न थांबणारा घोळणा, यांपैकी काहीही दिसले तर तडक दवाखाना गाठावा. बैलाने ढुसणी दिली, मोटारसायकलवरून पडलो, डोके आपटले, पण जखम दिसत नाही, अशा वेळीही सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी जावे, कारण डोक्याच्या आत हळूहळू होणारा रक्तस्राव काही तासांनीच कळतो. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही लकव्याची चिन्हे आहेत. १०८ ला फोन करावा आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही, हा निर्णय साडेचार तासांच्या आत घ्यावा लागतो, आणि त्या एका वेळेच्या नोंदीवर तो बराचसा अवलंबून असतो.

डायलिसिस सुरू झाल्यावर

इथे सरळ उत्तर नाही. नव्या गोळ्यांच्या मूळ मोठ्या चाचण्यांतून क्लिअरन्स २५ ते ३० च्या खालचे रुग्ण वगळलेले होते आणि डायलिसिसवरचे रुग्ण त्यांत नव्हतेच. वॉरफरिनमुळे अशा रुग्णांत क्वचित त्वचेच्या बारीक धमन्यांत कॅल्शियम साचून अतिशय वेदनादायक जखमा होतात. त्यामुळे काही डॉक्टर अपिक्साबान देतात, काही गोळीच देत नाहीत, आणि काही निवडक रुग्णांत हृदयातली ती पाळीसारखी पिशवी उपकरणाने बंद करण्याचा पर्याय पाहतात. किडनीचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर वेगळ्या गावी असतील, एक नागपूरला आणि एक सेवाग्रामला, तर दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवणे हे काम नातेवाइकांचेच आहे. डायलिसिसच्या दिवशी यंत्रात हेपरिन देतात, तेही रक्त गोठू न देणारेच औषध. म्हणून त्या दिवशीची गोळी केव्हा घ्यायची, हे डायलिसिसच्या तंत्रज्ञाला न विचारता डॉक्टरांना विचारावे.

दात काढायचा असेल, मोतीबिंदूचे शिबिर असेल किंवा हर्नियाचे ऑपरेशन ठरले असेल, तर गोळी किती दिवस आधी थांबवायची किंवा थांबवायचीच नाही, हे किडनीच्या क्लिअरन्सवरही ठरते. किडनी मंद असेल तर औषध अंगातून उतरायला जास्त दिवस लागतात. मावशींनी मागच्या महिन्यात दात काढला. जाताना त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला होता. त्यावर वजन, क्रिएटिनिन, क्लिअरन्स, गोळीचे नाव, मात्रा आणि शेवटच्या तपासणीची तारीख मराठीत लिहिलेली होती. दातांच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला, त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले.